रशियन आणि जॉर्जियन भाषांची तुलना

रशियन आणि जॉर्जियन या कॉकेशस पर्वताच्या दोन्ही अंगांना बोलल्या जाणाऱ्या, परंतु परस्परांशी कोणतेही सिद्ध जनुकीय नाते नसलेल्या दोन भाषा आहेत. रशियन ही इंडो-युरोपीय कुळातील पूर्व स्लाव्हिक शाखेची भाषा आहे, तर जॉर्जियन ही कार्तवेली (दक्षिण कॉकेशियन) कुळातील सर्वांत मोठी भाषा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून १९९१ पर्यंतचा बहुतेक काळ जॉर्जिया प्रथम रशियन साम्राज्याचा व नंतर सोव्हिएत संघाचा भाग होता. त्यामुळे जॉर्जियन ही रशियनची बोली आहे किंवा ती रशियन लिपीत लिहिली जाते, असा गैरसमज अनेकदा आढळतो. वस्तुतः लिपी, उच्चार, व्याकरण आणि मूळ शब्दसंग्रह या चारही बाबतींत दोन्ही भाषा स्वतंत्र आहेत.

मराठी भाषकांच्या दृष्टीने ही तुलना विशेष उद्बोधक ठरते. कुळाच्या दृष्टीने रशियन ही मराठीची दूरची नातलग आहे. जॉर्जियनशी मराठीचे असे नाते नाही; तरीही वाक्यरचनेच्या काही महत्त्वाच्या बाबतींत मराठीचे रशियनपेक्षा जॉर्जियनशीच अधिक साम्य दिसते.

या लेखात दोन्ही भाषांतील शब्दांचे उच्चार देवनागरीत स्थूलमानाने दिले आहेत.

## भाषाकुळ आणि प्रसार

रशियन भाषा युक्रेनियन आणि बेलारूशियन या भाषांसह स्लाव्हिक गटाच्या पूर्व शाखेत मोडते. जगात सुमारे १५ कोटी लोकांची ती मातृभाषा आहे आणि द्वितीय भाषा म्हणून बोलणारे धरल्यास ही संख्या सुमारे २५ कोटींवर जाते. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी ती एक आहे.

जॉर्जियन भाषकांची संख्या सुमारे ४० लाख आहे. या भाषेचे स्वतःचे नाव ‘कार्तुली’ असे असून जॉर्जियन लोक आपल्या देशाला ‘साकार्तवेलो’ म्हणतात. रशियन भाषेत हाच देश ‘ग्रुझिया’ या नावाने ओळखला जातो. कार्तवेली कुळात जॉर्जियनखेरीज मिंग्रेलियन, लाझ आणि स्वान या तीन भाषांचा समावेश होतो. यांपैकी स्वान भाषा मूळ प्रवाहापासून सर्वांत आधी विलग झाली असे मानले जाते. या कुळाचे जगातील अन्य कोणत्याही कुळाशी नाते निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

## लिपी

रशियन भाषा सिरिलिक लिपीत लिहिली जाते. नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या धर्मप्रसारक बंधूंनी स्लाव्हिक भाषेसाठी ग्लागोलिती लिपी तयार केली. पुढे बल्गेरियात ग्रीक लिपीच्या आधारे सिरिलिक लिपी विकसित झाली आणि ख्रिस्ती धर्मासोबत ती रशियन भूमीत पोहोचली. पीटर द ग्रेटने १७०८ ते १७१० या काळात तिचे रूप सुटसुटीत केले. १९१८ च्या शुद्धलेखन सुधारणेत अनावश्यक ठरलेली काही अक्षरे वगळण्यात आली.

जॉर्जियन लिपी सिरिलिकपेक्षा कित्येक शतकांनी जुनी आहे. तिचे सर्वांत जुने शिलालेख पाचव्या शतकातील असून त्यांत पॅलेस्टाईनमधील एका जॉर्जियन मठाचे लेख आणि बोल्निसी येथील सिओनी चर्चचा इ.स. ४९४ च्या सुमाराचा लेख यांचा समावेश होतो. या लिपीची असोमताव्रुली, नुस्खुरी आणि म्खेद्रुली अशी तीन ऐतिहासिक रूपे आहेत. आज सर्व व्यवहार म्खेद्रुलीत होतो, तर पहिली दोन रूपे प्रामुख्याने चर्चच्या वापरात आहेत. या तीन लिपींच्या जिवंत परंपरेचा २०१६ मध्ये युनेस्कोच्या मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समावेश झाला.

दोन्ही आधुनिक वर्णमालांत प्रत्येकी ३३ अक्षरे आहेत, हा केवळ योगायोग आहे. सिरिलिकमध्ये मोठी व लहान अक्षरे असा भेद असतो. जॉर्जियनच्या दैनंदिन लेखनात देवनागरीप्रमाणेच असा भेद नसतो. जॉर्जियनमध्ये एका ध्वनीला एकच अक्षर आणि एका अक्षराला एकच ध्वनी हा नियम जवळजवळ पूर्णपणे पाळला जातो. रशियनमध्ये मात्र लेखन आणि उच्चार यांत आघातामुळे अंतर पडते.

## उच्चार

### स्वर आणि आघात

जॉर्जियनमध्ये अ, ए, इ, ओ, उ या गुणांचे पाच स्वर आहेत. त्यांत ऱ्हस्व-दीर्घ असा अर्थभेदक फरक नाही आणि शब्दात कोठेही आले तरी त्यांचा उच्चार स्पष्ट राहतो. शब्दावरील आघात सौम्य असतो.

रशियनमध्ये आघात तीव्र, अनियमित आणि अर्थभेदक असतो. ‘झामक’ असा पहिल्या अक्षरावर आघात दिल्यास किल्ला असा अर्थ होतो, तर तोच लिखित शब्द दुसऱ्या अक्षरावर आघात देऊन ‘झमोक’ असा उच्चारल्यास कुलूप असा अर्थ होतो. आघात नसलेले स्वर क्षीण होतात. त्यामुळे ‘मोलोको’ (दूध) असे लिहिलेल्या शब्दाचा उच्चार प्रत्यक्षात ‘मलाको’च्या जवळ जातो. सामान्य लेखनात आघाताची खूण दिली जात नसल्याने परभाषक विद्यार्थ्यांना तो प्रत्येक शब्दागणिक पाठ करावा लागतो.

### व्यंजने

रशियन व्यंजनव्यवस्थेचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे कठोर आणि मृदू व्यंजनांच्या जोड्या. मृदू व्यंजन उच्चारताना जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो. ‘ब्रात’ या शब्दातील अंत्य त कठोर असल्यास भाऊ, तर मृदू असल्यास घेणे असा अर्थ होतो.

जॉर्जियनमध्ये ही जोडी नाही. तेथे स्पर्शव्यंजनांचे तीन प्रकार आहेत: घोष, महाप्राण अघोष आणि उत्क्षिप्त अघोष. पहिले दोन मराठी भाषकास सहज जमतात. उदाहरणार्थ, महाप्राण त हा ‘थवा’ मधील थच्या जवळचा असतो. तिसऱ्या प्रकारात कंठद्वार क्षणभर बंद करून तोंडात कोंडलेली हवा फटकन बाहेर सोडली जाते. हा ध्वनी मराठीत किंवा रशियनमध्ये नाही. महाप्राण क असलेल्या ‘कारी’चा अर्थ वारा, तर उत्क्षिप्त क असलेल्या ‘कारी’चा अर्थ दार असा होतो.

मराठीतील ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतील दोन च, तसेच ‘जाड’ आणि ‘जीव’ यांतील दोन ज जॉर्जियनमध्ये स्वतंत्र अक्षरांनी दाखवले जातात. रशियनमध्ये दोन च आहेत, पण ‘जाड’ व ‘जीव’ यांतील जसारख्या ध्वनींसाठी स्वतंत्र अक्षरे नाहीत. उलट रशियनमधील दंतोष्ठ्य फ जॉर्जियनमध्ये नसल्यामुळे ‘तेलेफोन’ हा शब्द तेथे ‘तेलेपोनी’ होतो आणि त्यातील प महाप्राण असतो.

दोन्ही भाषांत मोठी जोडाक्षरे आढळतात. रशियनमधील ‘व्झ्ग्ल्यात’ (दृष्टिक्षेप) या शब्दाच्या आरंभी चार व्यंजने सलग येतात. जॉर्जियन या बाबतीत पुष्कळ पुढे आहे. ‘म्त्स्व्र्त्नेली’ (क्रीडाप्रशिक्षक) या शब्दाच्या आरंभी सहा व्यंजने, तर ‘ग्व्प्र्त्स्क्व्नी’ (तू आम्हाला सोलतोस) या नेहमी दिल्या जाणाऱ्या उदाहरणात आठ व्यंजने एकापाठोपाठ येतात.

## नाम आणि विभक्ती

रशियनमध्ये मराठीप्रमाणे तीन लिंगे आहेत. मराठीतील तो, ती, ते यांसाठी तेथे ओन, अना, अनो ही सर्वनामे असून विशेषणे आणि भूतकाळी क्रियापदेही लिंगानुसार बदलतात. जॉर्जियनमध्ये व्याकरणिक लिंग मुळीच नाही. ‘इस’ या एकाच सर्वनामाचा अर्थ संदर्भानुसार तो, ती किंवा ते असा होतो.

रशियनमध्ये सहा, तर जॉर्जियनमध्ये सात विभक्ती आहेत. परंतु प्रत्यय लावण्याची पद्धत भिन्न आहे. रशियन प्रत्यय संमिश्र स्वरूपाचा असून एकाच प्रत्ययातून लिंग, वचन आणि विभक्ती ही तिन्ही व्यक्त होतात. ‘दोम’ (घर) याचे ‘घराचे’ या अर्थाचे रूप ‘दोमा’, तर ‘घरांचे’ या अर्थाचे रूप ‘दमोफ’ होते. यांतील अनेकवचनाचा अंश वेगळा काढता येत नाही. जॉर्जियनमध्ये प्रत्यय एकापुढे एक जोडले जातात. ‘साख्ली’ म्हणजे घर, ‘साख्लिस’ म्हणजे घराचे, ‘साख्लेबी’ म्हणजे घरे आणि ‘साख्लेबिस’ म्हणजे घरांचे. येथे ‘एब’ हा अनेकवचनाचा आणि ‘इस’ हा षष्ठीचा अंश स्पष्ट ओळखता येतो.

स्थलवाचक संबंध दाखवताना रशियनमध्ये शब्दयोगी अव्यय नामापूर्वी येते, जॉर्जियनमध्ये ते मराठीप्रमाणे नामानंतर जोडले जाते. ‘घरात’ यासाठी रशियनमध्ये ‘व दोम्ये’, तर जॉर्जियनमध्ये ‘साख्लशी’ म्हणतात. ‘टेबलावर’ यासाठी अनुक्रमे ‘ना स्तल्ये’ आणि ‘मागिदाझे’ ही रूपे आहेत.

## क्रियापद

### प्रयोग

दोन्ही भाषांतील सर्वांत मूलगामी फरक कर्त्याच्या विभक्तीत दिसतो. रशियनमध्ये सकर्मक क्रियेचा कर्ता काळ कोणताही असला तरी प्रथमेतच राहतो. जॉर्जियनमध्ये तो काळानुसार बदलतो.

| मराठी | रशियन | जॉर्जियन |
|---|---|---|
| माणूस घर बांधतो | मुश्शीना स्त्रोइत दोम | कात्सी साख्लस आशेनेब्स |
| माणसाने घर बांधले | मुश्शीना पस्त्रोइल दोम | कात्समा साख्ली आआशेना |

जॉर्जियनच्या दुसऱ्या वाक्यातील ‘मा’ हा प्रत्यय मराठीतील कर्त्याला लागणाऱ्या ‘ने’ प्रत्ययाचेच कार्य करतो. मराठीत ‘मी’ आणि ‘तू’ या सर्वनामांना हा प्रत्यय लागत नाही (मी घर बांधले, तू घर बांधलेस); त्याचप्रमाणे जॉर्जियनमधील ‘मे’ (मी) आणि ‘शेन’ (तू) ही सर्वनामेही येथे बदलत नाहीत. दोन असंबंधित भाषांतील हे साम्य रचनात्मक आहे, वांशिक नाही.

तथापि साम्य पूर्ण नाही. मराठीत अशा वाक्यातील क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते (घर बांधले, भिंत बांधली). जॉर्जियन क्रियापद मात्र कर्त्याचा पुरुष व वचन दाखवीत राहते. शिवाय ‘मूल रडले’ अशा अकर्मक वाक्यातही जॉर्जियन कर्त्याला ‘मा’ प्रत्यय लागतो (बावश्वमा इतिरा). मराठीत तेथे ‘ने’ येत नाही.

यापुढची पायरी म्हणजे जॉर्जियनमधील परोक्ष भूतकाळ. ‘कात्स्स साख्ली आउशेनेबिया’ या वाक्याचा अर्थ ‘त्या माणसाने घर बांधलेले दिसते’ असा होतो; म्हणजे बोलणाऱ्याने बांधकाम स्वतः पाहिलेले नसून तो परिणामावरून अनुमान करीत आहे. येथे कर्त्याला चतुर्थीचा प्रत्यय लागतो. रशियनमध्ये असे अनुमान क्रियारूपाने नव्हे, तर ‘कदाचित’, ‘वरकरणी’ अशा अर्थांच्या स्वतंत्र शब्दांनी व्यक्त करावे लागते.

### कर्ता आणि कर्म यांची एकत्र नोंद

रशियन क्रियापद केवळ कर्त्याची नोंद घेते. जॉर्जियन क्रियापद कर्त्याबरोबर कर्माचीही नोंद घेऊ शकते. ‘नाखा’ म्हणजे त्याने किंवा तिने पाहिले, ‘म्नाखा’ म्हणजे मला पाहिले आणि ‘ग्नाखा’ म्हणजे तुला पाहिले. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हा अर्थ ‘मिक्वार्खार’ या एका शब्दात सांगता येतो. त्यातील आरंभीचा ‘म’ मला या अर्थाचा, तर शेवटचा ‘खार’ तू आहेस या अर्थाचा अंश आहे. म्हणजेच त्याची घडण मराठीतील ‘तू मला आवडतोस’ किंवा ‘तू मला आवडतेस’ या वाक्यासारखी आहे. रशियनमध्ये ‘या तिब्या ल्युब्ल्यू’ असे तीन शब्द लागतात आणि कर्ता प्रथमेत असतो. आवडण्याच्या अर्थाने मात्र रशियनमध्येही ‘ती म्न्ये न्राविश्स्या’ (तू मला आवडतोस) अशी मराठीसारखी रचना आहे.

### उपसर्ग आणि क्रियेची पूर्णता

या क्षेत्रात दोन्ही भाषांचे लक्षणीय साम्य आहे. दोन्हींत क्रियापदाला उपसर्ग लावून क्रियेची दिशा आणि पूर्णता दाखवतात. जॉर्जियनमध्ये ‘मिव्दिवार’ म्हणजे मी जातो, ‘मोव्दिवार’ म्हणजे मी येतो, ‘आव्दिवार’ म्हणजे मी वर जातो आणि ‘चाव्दिवार’ म्हणजे मी खाली जातो.

वर्तमानकाळाच्या रूपाला उपसर्ग लावल्यास दोन्ही भाषांत भविष्यकाळाचा अर्थ निर्माण होतो. रशियनमध्ये ‘पीशेत’ म्हणजे लिहितो, ‘नापीशेत’ म्हणजे लिहील. जॉर्जियनमध्ये ‘त्सेर्स’ म्हणजे लिहितो, ‘दात्सेर्स’ म्हणजे लिहील.

## वाक्यरचना

रशियनमध्ये कर्ता, क्रियापद, कर्म हा स्वाभाविक क्रम मानला जातो. जॉर्जियनमध्ये क्रियापद बहुधा शेवटी येते. ‘मी पुस्तक वाचतो’ या वाक्याचे रशियन रूप ‘या चिताय्यू क्नीगू’ आणि जॉर्जियन रूप ‘मे त्सिग्न्स व्कित्खुलोब’ असे होते. दोन्ही भाषांत शब्दक्रम लवचीक असून भर देण्यासाठी तो बदलता येतो.

वर्तमानकाळात रशियन भाषा ‘आहे’ या अर्थाचे क्रियापद गाळते. ‘ओन स्तुद्येंत’ म्हणजे शब्दशः ‘तो विद्यार्थी’. जॉर्जियनमध्ये ते शब्दाला जोडून ‘इस स्तुदेंतिया’ असे म्हणतात. आदरार्थी अनेकवचन दोन्हींत आहे. मराठीतील तू आणि तुम्ही यांना रशियनमध्ये ‘ती’ आणि ‘वी’, तर जॉर्जियनमध्ये ‘शेन’ आणि ‘त्क्वेन’ हे प्रतिशब्द आहेत.

## शब्दसंग्रह

मूलभूत शब्दांची तुलना केल्यास रशियन आणि संस्कृत यांचे नाते, तसेच जॉर्जियनचे वेगळेपण स्पष्ट होते.

| अर्थ | संस्कृत | रशियन | जॉर्जियन |
|---|---|---|---|
| आई | मातृ | मात | देदा |
| भाऊ | भ्रातृ | ब्रात | द्झमा |
| पाणी | उदक | वदा | त्स्काली |
| मध | मधु | म्योद | तापली |
| दार | द्वार | द्व्येर | कारी |
| नवा | नव | नोवी | अखाली |
| दोन | द्वि | द्वा | ओरी |
| तीन | त्रि | त्री | सामी |
| दहा | दश | द्येसित | आती |

काही समान ध्वनींचे शब्द फसवे आहेत. ‘मामा’ या शब्दाचा रशियन अर्थ आई, जॉर्जियन अर्थ वडील आणि मराठी अर्थ आईचा भाऊ असा आहे. ‘दा’ म्हणजे रशियनमध्ये होय. जॉर्जियनमध्ये त्याचा अर्थ आणि, तसेच बहीण असाही होतो. जॉर्जियन ‘पुरी’ म्हणजे पाव. मराठीतील पुरीशी तिचे केवळ ध्वनिसाम्य आहे.

परस्परसंपर्कातून आलेले शब्दही आहेत. खाचापुरी आणि खिंकाली ही जॉर्जियन पदार्थांची नावे रशियनमध्ये रुळली आहेत, तर जॉर्जियनच्या बोलीरूपांत रशियन शब्द बरेच शिरले. फारसीच्या दीर्घ प्रभावामुळे जॉर्जियनमध्ये ‘बाझारी’ (बाजार), ‘दुकानी’ (पूर्वीच्या काळी दुकान किंवा खानावळ) आणि ‘मोएदानी’ (चौक, मैदान) असे शब्द आले. ते मराठी वाचकासही ओळखीचे वाटतात, कारण मराठीनेही ते फारसीमार्गे घेतले आहेत. चहाला रशियनमध्ये ‘चाय’ आणि जॉर्जियनमध्ये ‘चाई’ म्हणतात.

### संख्या

रशियन संख्यापद्धती दशमान आहे. जॉर्जियनमध्ये वीस ते नव्याण्णव या संख्या विसांच्या पटीत मोजल्या जातात. वीस म्हणजे ‘ओत्सी’, चाळीस म्हणजे ‘ओर्मोत्सी’ (दोन विसा), साठ म्हणजे ‘सामोत्सी’ (तीन विसा). पंचाहत्तरसाठी ‘सामोत्सदातखुत्मेती’, म्हणजे तीन विसा आणि पंधरा, असे म्हणतात. मराठीतील कोडीने मोजण्याची जुनी रीत याच तत्त्वावर आधारलेली होती.

## ऐतिहासिक संबंध

पूर्व जॉर्जियाचे कार्तली-काखेती हे राज्य १८०१ मध्ये रशियन साम्राज्यात विलीन करण्यात आले. त्यानंतर प्रशासन आणि उच्च शिक्षण यांत रशियनचे वर्चस्व वाढले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळांतूनही जॉर्जियनला मागे सारले गेले. या पार्श्वभूमीवर याकोब गोगेबाश्विली यांचे ‘देदा एना’ (मातृभाषा) हे बालपाठ्यपुस्तक १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले. जॉर्जियन मुलांच्या अनेक पिढ्या त्यावरून अक्षरे शिकल्या. १८७९ मध्ये जॉर्जियनांमध्ये साक्षरतेचा प्रसार करणारी संस्था स्थापन झाली. लेखक इलिया चावचावाद्झे हे तिच्या प्रमुख प्रवर्तकांपैकी एक होते. वापरातून गेलेली पाच अक्षरे वगळून वर्णमाला ३३ अक्षरांची करण्याचे काम याच काळातील आहे. त्बिलिसी येथील विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झाले.

सोव्हिएत काळात अनेक भाषांसाठी सिरिलिक लिपी लागू करण्यात आली, परंतु जॉर्जियन आणि आर्मेनियन भाषांनी आपापल्या लिपी टिकवल्या. मात्र भाषिक दबाव एकाच दिशेने नव्हता. १९३८ ते १९५४ या काळात जॉर्जियातील अबखाझ भाषेला जॉर्जियन लिपी स्वीकारावी लागली होती.

दोन्ही भाषांचा संबंध सोव्हिएत भाषाशास्त्राच्या इतिहासाशीही आहे. कुताइसी येथे जन्मलेले निकोलाय मार यांनी मांडलेला ‘याफेती सिद्धांत’ आणि भाषा ही वर्गीय घटना असल्याचे मत दीर्घकाळ अधिकृत मानले गेले. मे १९५० मध्ये जॉर्जियन भाषाशास्त्रज्ञ अर्नोल्द चिकोबावा यांनी ‘प्रावदा’ या दैनिकात त्यावर टीका केली. पुढच्याच महिन्यात, गोरी येथे जन्मलेल्या आणि जॉर्जियन मातृभाषा असलेल्या स्टॅलिनने रशियनमध्ये लेख लिहून मार यांचे मत फेटाळले.

१९७८ मध्ये जॉर्जियन प्रजासत्ताकाच्या नव्या राज्यघटनेच्या मसुद्यातून जॉर्जियनचा राज्यभाषेचा दर्जा वगळण्यात आला. १४ एप्रिल १९७८ रोजी हजारो लोक, त्यांत मोठ्या संख्येने विद्यार्थी, त्बिलिसीच्या रस्त्यावर उतरले. तत्कालीन पक्षप्रमुख एदुआर्द शेवर्दनाद्झे यांनी जमावासमोर येऊन हा दर्जा कायम राहील असे जाहीर केले. सोव्हिएत राजवटीत उघड निदर्शनापुढे अशी माघार घेतली जाणे दुर्मीळ होते. जॉर्जियात १४ एप्रिल हा दिवस मातृभाषा दिन म्हणून पाळला जातो.

## साहित्यिक देवाणघेवाण

शोता रुस्तावेली यांचे बाराव्या-तेराव्या शतकांच्या संधिकाळातील ‘वेप्खिस्त्काओसानी’ हे महाकाव्य जॉर्जियन साहित्याचा मानबिंदू मानले जाते. त्याचा एक नायक तारिएल हा भारतातील राजपुत्र म्हणून चितारला आहे. कॉन्स्तान्तिन बाल्मोंत आणि निकोलाय झाबोलोत्स्की यांनी या काव्याचे रशियन अनुवाद केले. बोरिस पास्तरनाक यांनी निकोलोझ बाराताश्विली, तित्सियान ताबिद्झे आदी जॉर्जियन कवींच्या रचना रशियनमध्ये आणल्या. जॉर्जियन साहित्य बाहेरच्या जगात पोहोचण्यात रशियन अनुवादांचा वाटा मोठा आहे.

## सद्यस्थिती

१९९१ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यानंतर जॉर्जियन ही देशाची राज्यभाषा झाली. १९९५ च्या राज्यघटनेनुसार अबखाझियात अबखाझ भाषेलाही हा दर्जा आहे. प्रत्यक्षात अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया या जॉर्जियन शासनाच्या नियंत्रणाबाहेरील प्रदेशांत रशियनचे प्राबल्य आहे. सोव्हिएत काळात शिकलेल्या पिढीला रशियन उत्तम येते. तरुण पिढीत मात्र परकी भाषा म्हणून इंग्रजीने तिची जागा मोठ्या प्रमाणात घेतली आहे. देशातील आर्मेनियन आणि अझरबैजानी अल्पसंख्याकांना पूर्वी रशियन ही संपर्कभाषा पुरेशी होती. आता शिक्षण व नोकरीसाठी त्यांना जॉर्जियन आत्मसात करावी लागते. २०२२ नंतर रशियातून आलेल्या स्थलांतरितांमुळे त्बिलिसी आणि बातुमी या शहरांत रशियनचा वापर पुन्हा वाढला असून तो सार्वजनिक चर्चेचा विषय ठरला आहे.

महाराष्ट्रासह भारतातील अनेक विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया आणि जॉर्जिया येथे जातात. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी रुग्णाशी बोलण्यासाठी स्थानिक भाषा आवश्यक ठरते. रशियन शिकण्याची सोय मुंबई आणि पुणे येथील विद्यापीठांत आहे. सिरिलिक लिपी किंवा रशियन शब्दसंग्रह यांची माहिती जॉर्जियन शिकताना मात्र फारशी उपयोगी पडत नाही.